ओल भिंतीची, घाई गिलाव्याची

भिंतीला ओल आली की आपल्याकडे निदान आणि उपचार एकाच वाक्यात उरकतात: ‘प्लास्टर गेलंय, फोडून नवीन मारून घ्या, वॉटरप्रूफ पावडर टाकून.’ गवंडी हे सांगतो, रंगारी दुजोरा देतो, शेजारी स्वतःच्या घराचा दाखला देतात आणि घरमालक निर्धास्त होतो. दोन पावसाळ्यांनी तीच भिंत पुन्हा फुगते. तेव्हा दोष सिमेंटवर जातो, वाळूवर जातो, गवंड्याच्या हातावर जातो. ज्या समजुतीपायी हे सगळे घडले, तिच्यावर मात्र कोणी बोट ठेवत नाही.

ती समजूत अशी की ओल हा प्लास्टरचा रोग आहे. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. ओल येत असते म्हणून प्लास्टर खराब होते, आणि बहुतेक वेळा बिचाऱ्या प्लास्टरने ओल दाखवून देण्यापलीकडे काही केलेले नसते. भिंतीतला ओलावा हा जमाखर्च आहे. किती पाणी आत आले आणि किती वाफ होऊन बाहेर गेले, यावर शिल्लक ठरते. आपण आवक शोधत नाही; जावक तेवढी सिमेंटचा नवा थर देऊन बंद करतो. म्हणून खोलीचे प्लास्टर हे ओलीच्या कामातले अगदी शेवटचे काम आहे, आणि त्याचे कर्तव्य पाणी अडवण्याचे नसून भिंतीला वाळू देण्याचे आहे. एवढे मान्य केले की कामाचा क्रम बदलतो, साहित्य बदलते आणि महिनाही बदलतो.

१. पाण्याच्या वाटा

सगळ्यांच्या ओळखीची वाट वरून येते. गच्चीचा कोबा तडकला, कठड्याच्या पायथ्याशी दिलेला वाटा (सिमेंटची गोलाई) सुटला, पावसाच्या पाइपाचे तोंड पानांनी तुंबले, की पाणी स्लॅबमध्ये शिरते. पण जिथे शिरले तिथेच ते उतरेल असे नाही. सळईच्या कडेने, विजेच्या पाइपातून ते आडवे प्रवास करते आणि भलत्याच कोपऱ्यात, पंख्याच्या हुकाभोवती, कधी स्विचबोर्डाच्या डब्यात प्रकट होते. डागाच्या बरोबर वर गच्चीत डांबर ओतणाऱ्यांची फसगत यामुळेच होते.

बाजूने येणारे पाणी याहून फसवे. आपला पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे मुंबईत, कोकणात आणि घाटमाथ्यावर पश्चिमेच्या भिंतीवर तो आडवा बसतो. आरसीसी सांगाड्यात विटांची किंवा ब्लॉकची भिंत भरलेली असते. काँक्रीट आणि वीट सारख्या प्रमाणात आकसत-प्रसरत नाहीत. त्यामुळे बीमखाली आडवी आणि कॉलमच्या कडेला उभी अशी बारीक चीर पडतेच पडते, आणि सहा इंची भिंतीला तेवढी चीर पुरते. त्यात खिडकीच्या ग्रॅनाइटला बाहेरच्या बाजूला उतार नसतो, छज्ज्याच्या खालच्या कडेला थेंब तोडणारी खाच नसते. जुन्या घरांना लांब वळचण होती, पश्चिमेला पडवी होती, आणि पावसाळ्याआधी कोकणात त्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधले जात. आपण वळचण कापली, इमारत सरळसोट उभी केली आणि सगळा पाऊस भिंतीने एकटीने झेलावा अशी अपेक्षा धरली.

घरातल्या घरात होणारी गळती बाराही महिने चालते आणि हीच तिची खूण. मे महिन्यातही डाग ओला असेल तर पावसाला दोष देण्यात अर्थ नाही. वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप, फरशांमधल्या फटी, भिंतीत गाडलेली पाण्याची लाइन किंवा डक्टमधला सडका पाइप बघायला हवा.

खालून चढणाऱ्या ओलीकडे शहरी माणसाचे लक्ष कमी, कारण तो वरच्या मजल्यावर राहतो. पण तळमजले, बैठी घरे, चाळी, वाडे यांचा छळ तीच करते. पूर्वी घराचे जोते रस्त्यापासून चांगले दोन-चार पायऱ्या उंच असे. मग दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवे डांबर चढले, त्यावर काँक्रीट आले, आणि पुण्याच्या पेठांमधल्या कित्येक जुन्या घरांत आता पायऱ्या चढून नव्हे, उतरून जावे लागते. सोसायट्यांच्या आवारात भिंतीला खेटून पेव्हर ब्लॉक बसवले जातात, बागेची माती जोत्याच्या वर येते, आणि जोत्यावर घातलेला ओलरोधक थर त्या मातीखाली गाडला जातो. आत जुन्या शहाबादीवरच नव्या व्हिट्रिफाइड फरशा चढतात. शहाबादीच्या सांध्यांमधून जमिनीची वाफ निघून जायची. ती वाट बुजली की जमिनीतल्या ओलाव्याला भिंतीखेरीज मार्ग उरत नाही. नवी फरशी बसवल्यावर दोन वर्षांत भिंत फुगली अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. फरशीचा आणि भिंतीचा संबंध त्यातल्या फार थोड्यांना जाणवलेला असतो.

शेवटची वाट हवेची. सोळा-अठरावर एसी चालणाऱ्या खोलीची भिंत थंड पडते, आणि पलीकडच्या दमट खोलीत त्याच भिंतीवर पाणी धरते. कपाटामागे, हवा खेळत नाही अशा कोपऱ्यात काळी बुरशी दिसते ती पुष्कळदा यामुळे. इथे प्लास्टर फोडणे निव्वळ विनोद आहे.

२. थोपवलेले पाणी वर चढते

आता मुख्य मुद्दा. भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांत ओल आहे म्हणून तेवढ्या भागावर वॉटरप्रूफ प्लास्टर करायचे, किंवा टाइलचा डॅडो लावायचा, हा उपाय इतका प्रचलित आहे की त्याला प्रश्न विचारणेच अडाणीपणाचे वाटते. तरी विचारू.

वीट, जांभा, चुन्याचे सांधे यांत अतिसूक्ष्म छिद्रे असतात आणि पाणी त्यांतून आपोआप वर खेचले जाते. छिद्र जितके बारीक तितकी चढण जास्त. एक मायक्रॉन त्रिज्येच्या नळीत हिशेबाने पाणी जवळजवळ १५ मीटर चढायला हवे. प्रत्यक्षात भिंतीवरची ओल साधारण मीटरभर चढून थांबते. का? कारण चढता चढता ती भिंतीच्या दोन्ही अंगांनी वाळत असते. खालून जेवढे येते तेवढेच जिथे उडून जाते, तिथे ओलीची रेघ उमटते. ती रेघ म्हणजे आवक आणि जावक यांची बरोबरी.

आता खालच्या चार फुटांवर वाफ न सोडणारा थर द्या. आवक होती तेवढीच राहिली, जावक तेवढ्या भागातून थांबली. बरोबरी साधायला पाण्याला आणखी वर जावे लागणार. म्हणून चार फुटांच्या डॅडोनंतर पाच-साडेपाच फुटांवर नवी ओल दिसते, आणि लोक म्हणतात, ‘बघा, आणखी वर प्लास्टर करायला हवं होतं.’ मग सहा फुटांपर्यंत करतात. भिंत आतून पहिल्यापेक्षा जास्त भिजलेली असते. दिसत नाही एवढेच.

ही भिजलेली भिंत म्हणजे किती पाणी, याचा अंदाज सहसा कोणाला नसतो. साध्या भाजलेल्या विटेने २४ तासांत स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषले तरी भारतीय मानकाप्रमाणे ती चालते. दहा बाय दहा फुटांच्या नऊ इंची भिंतीत हजारेक विटा बसतात, आणि एक वीट सुमारे तीन किलोची. हिशेब केला तर अशी भिंत पुरती भिजल्यावर तिच्यात पाचशे-सहाशे लिटर पाणी मावते. एवढे पाणी बारा मिलिमीटरच्या सिमेंटच्या थरामागे कोंडून आपण त्यावर पुट्टी घासतो.

वाड्यांमध्ये याचा परिणाम निव्वळ दिसण्यापुरता राहत नाही. तिथे विटांचे बांधकाम पुष्कळदा मातीच्या सांध्यांचे असते, आणि तुळयांची टोके व खांब भिंतीतच रुतलेले असतात. बाहेरून-आतून सिमेंटचा गिलावा केला की माती मऊ होते, लाकडाची टोके कुजतात, वाळवीला हवे ते मिळते. वरून गुळगुळीत दिसणारी भिंत एका पावसाळ्यात बसते, तेव्हा वृत्तपत्रांत ‘जीर्ण वाडा कोसळला’ असे छापून येते. जीर्णतेला हातभार कोणी लावला, हे छापून येत नाही.

३. मीठ: पाण्यापेक्षा चिवट

पाणी थांबले तरी भिंत सुधारत नाही, हा अनुभव अनेकांना येतो आणि मग ‘कारण शोधून काय मिळालं?’ असा उलट सवाल होतो. उत्तर मिठात आहे. जमिनीतून, विटांमधून, खाडीच्या वाळूतून, माल कालवण्यासाठी वापरलेल्या बोअरच्या पाण्यातून क्षार भिंतीत येतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि पृष्ठभागाशी गोळा होतात. लोणा म्हणतात तो हाच. क्षारांचे स्फटिक छिद्रांत वाढताना आतून दाब देतात आणि प्लास्टर पापुद्र्यांनी सुटते. सोडियम सल्फेटचा कोरडा स्फटिक पाणी घेऊन दुसऱ्या रूपात जातो तेव्हा त्याचे आकारमान साधारण चौपट होते. या रेट्यापुढे वीटसुद्धा भुगा होते, तिथे पुट्टीची काय कथा.

किनाऱ्यावर याला आणखी एक पदर आहे. साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळते, आणि त्याखाली आली की पुन्हा स्फटिक होते. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर आर्द्रता बहुतांशी या रेषेच्या वर असते, हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या दुपारी ती खाली येते. म्हणजे खारावलेली भिंत कोणत्याही गळतीशिवाय जूनमध्ये ओली होते आणि डिसेंबरात खार ओकते. गळती बंद केल्यावरही ओलसर राहणाऱ्या भिंतीचे गूढ पुष्कळदा एवढेच असते. जुने खारट प्लास्टर तसेच ठेवून त्यावर नवा हात मारणे का चालत नाही, हेही यावरून कळावे.

गवंड्यांची एक सवय इथे घातक ठरते. लोणा दिसला की ते भिंत पाण्याने खसखसून धुतात. पाण्याबरोबर क्षार परत आत जातात. लोणा कोरड्या कुंच्याने झाडायचा असतो, गोळा करून बाहेर टाकायचा असतो. भिंतीच्या पायथ्याशी ढीग लावून ठेवला तर पहिल्या पावसात तो पुन्हा भिंतीत जातो. ओलावा मोजणाऱ्या दोन टोचण्यांच्या मीटरलाही मीठ फसवते. तो विद्युतवाहकता मोजतो, आणि खारट भिंत जरा दमट असली तरी ती चिंब असल्याचे सांगतो. असा मीटर दाखवून इंजेक्शनचे महागडे काम गळ्यात मारणारे जगभर आहेत. ब्रिटनमध्ये तर चढत्या ओलीचे निदान किती वेळा खोटे असते यावर जेफ हॉवेल यांनी २००८ मध्ये एक सबंध पुस्तक लिहिले.

४. दिवाळीचा मुहूर्त कुणाचा?

आपल्याकडे भिंतींची कामे दोन वेळा निघतात: दिवाळीआधी आणि मेच्या सुट्टीत. दोन्ही वेळा चुकतात, पण चुका निरनिराळ्या आहेत.

सांताक्रूझच्या वेधशाळेत वर्षाला सव्वादोन मीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला भिंत वर्षातली सर्वांत ओली असते. नेमक्या त्याच वेळी आपण ती फोडतो, सिमेंटने मढवतो, सात दिवस पाणी मारतो, पुट्टी घासतो आणि धनत्रयोदशीच्या आत प्लास्टिक इमल्शनचा दुसरा हात पुरा करतो. जाड दगडविटांच्या भिंतीला सुकायला इंचाला एक महिना लागतो, असा जुना आडाखा आहे. तो काटेकोर नाही, पण पंधरा दिवसांत नऊ इंची भिंत वाळत नाही हे समजायला पुरेसा आहे.

मग पूर्वजांनी दिवाळीला घर का रंगवले? त्यांचे बरोबर होते. ते चुन्याची सफेदी देत, मातीच्या भिंती सारवत. चुना वाफ अडवत नाही. ओल्या भिंतीवर दिला तरी भिंत त्यातून वाळत राहते, आणि चुन्याच्या अल्कधर्मी गुणाने बुरशी मरते. पावसाळ्यानंतर चुना देणे हा चांगला नियम होता. आपण मुहूर्त ठेवला आणि साहित्य बदलले. जो दिवस सफेदीसाठी उत्तम होता, तोच दिवस इमल्शनसाठी वर्षातला सर्वांत वाईट आहे, याचा विचार रंगाच्या जाहिरातींनी आपल्याला करू दिला नाही.

मे महिन्याची चूक वेगळी. तेव्हा भिंत त्यातल्या त्यात कोरडी असते, म्हणून प्लास्टरला वेळ योग्य. पण पुरावा वाळून गेलेला असतो. पाणी कुठून येते हे जुलैत दिसते. मेमध्ये फक्त जुना डाग दिसतो आणि ठेकेदार अंदाजाने बोलतो. यातून एक साधा नियम निघतो: ओलीची तपासणी आषाढ-श्रावणात, बाहेरची आणि वरची दुरुस्ती पाऊस सरल्यावर लगेच, आतले जुने प्लास्टर दिवाळीनंतर उतरवायचे, भिंत हिवाळाभर उघडी ठेवायची आणि नवा गिलावा फाल्गुन-चैत्रात. खोली चार-पाच महिने कुरूप दिसेल. दिसू दे.

५. तपासणी म्हणजे काय

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. डागाचा फोटो तारखेसह दर आठवड्याला काढावा. पाऊस पडल्यावर किती तासांनी डाग गडद होतो यावरून अर्धे उत्तर मिळते. लगेच झाला तर चीर, दोन-तीन दिवसांनी झाला तर गच्ची किंवा जमीन, कधीच बदलला नाही तर नळ. फूटभर लांबी-रुंदीचा अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा: थेंब भिंतीच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येते, खोलीच्या बाजूला आले तर हवेतून. बाथरूमचा ट्रॅप बंद करून दोन-तीन इंच रंगीत पाणी एक-दोन दिवस साठवावे. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी पाहावा. छताचा पोपडा पडून गंजलेली सळई दिसत असेल तर हा प्रश्न गिलाव्याचा राहिलेलाच नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो. तिथे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग गवंडी. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, ती उगाच नाही.

६. मग गिलावा कोणता?

कारण दूर झाले, भिंत वाळली, असे धरू. ओलीच्या रेघेच्या वर किमान फूटभर जुने प्लास्टर उतरवावे, विटांमधले सांधे अर्धा-पाऊण इंच कोरून काढावेत आणि उन्हापंख्याने नव्हे, काळाने वाळू द्यावे.

चुन्याच्या किंवा मातीच्या सांध्यांनी बांधलेल्या भिंतीवर चुन्याचाच गिलावा करावा, यात मला तडजोड दिसत नाही. घाण्यात मळलेला चुना करणारे हात कमी उरले आहेत, काम सावकाश होते, पैसे जास्त पडतात, हे खरे. तरी सिमेंट हा त्याला पर्याय होत नाही, कारण मऊ भिंतीवरचा ताठ थर भिंतीबरोबर हलत नाही, सुटतो, आणि सुटताना विटेचा पृष्ठभाग घेऊन जातो. साध्या भाजक्या विटांच्या, सिमेंटच्या सांध्यांच्या भिंतीला सिमेंट-चुना-वाळू १:१:६ असे मिश्रण बरे. सिमेंट जास्त घातले की प्लास्टर मजबूत होते हा भ्रम आहे. ते आकसून जास्त तडकते.

जिप्समबद्दल स्पष्टच बोलायला हवे. गेल्या काही वर्षांत फ्लॅटमध्ये जिप्समचा गिलावा सर्रास होतो: पाणी मारावे लागत नाही, गुळगुळीत येतो, काम आठवड्यात संपते. आतल्या कोरड्या भिंतीवर तो उत्तम. पण जिप्सम पाण्यात विरघळतो, लिटरमागे दोन ग्रॅमहून थोडा जास्त. एवढेसे वाटते, पण पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला आतून जिप्सम लावणे म्हणजे दर पावसाळ्यात ती भिंत मऊ करून घेणे. नवा फ्लॅट घेणाऱ्याने बिल्डरला हा प्रश्न जरूर विचारावा. उत्तरात बहुधा टाइल्सचा ब्रँड ऐकायला मिळेल.

७. आक्षेप

‘आजची वॉटरप्रूफिंग रसायने जुन्या काळासारखी राहिली नाहीत.’ मान्य. गच्चीवर, बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये, बाहेरच्या भिंतीवर, म्हणजे पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूला, ती चांगले काम करतात. जमिनीखालची टाकी किंवा तळघर यांना आतूनच उपाय करावा लागतो, तेव्हाही त्यांचा उपयोग आहे. मात्र तिथे काँक्रीट त्या दाबासाठी आखलेले असते. माझा विरोध रसायनाला नाही, त्याच्या जागेला आहे. प्लास्टरमध्ये मिसळायच्या वॉटरप्रूफिंग मिश्रणांसाठी आयएस २६४५ हे मानकही आहे, पण असे मिश्रण प्लास्टरचे शोषण कमी करते; भिंतीतली चीर ते बुजवत नाही, आणि गंजलेला पाइप तर नाहीच नाही.

‘सहा महिने कोण थांबणार? घरात लग्न आहे, भाडेकरू यायचा आहे.’ हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. थांबता येत नसेल तर थांबू नका, पण मग तात्पुरते काम तात्पुरत्या किमतीत करा. सुटलेले प्लास्टर उतरवा, चुन्याची सफेदी द्या, जागेवर हवा खेळू द्या. तात्पुरत्या कामाला कायमच्या कामाचा दर देऊन दोन्ही गमावण्यापेक्षा हे शहाणपणाचे आहे.

‘खर्च वाढतो.’ एकदा करण्याचा खर्च वाढतो हे खरे. तीनदा करण्याचा वाढत नाही. ओल्या घरात राहण्याचाही खर्च असतो, आणि तो लहान मुले व दम्याचे रुग्ण भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती सौंदर्यासाठी नव्हती.

‘भिंत माझी, पण गळती वरच्याची; मी करणार काय?’ या आक्षेपापाशी विषय बांधकामातून बाहेर पडतो. फ्लॅटमध्ये कारण एकाच्या घरात आणि नुकसान दुसऱ्याच्या घरात असते. खालच्याच्या हातात स्वतःची भिंत तेवढी असते, म्हणून तो तिच्यावर पैसे घालतो. कित्येक वॉटरप्रूफ प्लास्टरे ही वरच्या मजल्याशी बोलणे टाळण्याची किंमत असते. पण आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची, बाहेरच्या भिंतींतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणे हे संस्थेचे काम आहे, संस्थेच्या खर्चाने. हे लेखी मागावे लागते, सभेत मांडावे लागते, त्यासाठी तारीखवार फोटो लागतात. गवंडी बोलावणे सोपे पडते.

८. निदानाला दर नाही

सगळ्यांना थोडेफार कळत असूनही हे असेच चालते, त्याचे कारण अज्ञानापेक्षा व्यवहारात जास्त आहे. प्लास्टरचा दर चौरस फुटावर, वॉटरप्रूफिंगचा दर चौरस फुटावर, रंगाचा दर चौरस फुटावर. पाणी कुठून येते हे शोधण्याचा दर कुणाच्याच कोटेशनमध्ये नसतो. ‘श्रावणापर्यंत थांबा, मग सांगतो’ म्हणणारा ठेकेदार काम घालवतो. ‘उद्या सुरू करतो, दहा वर्षांची गॅरंटी’ म्हणणारा ते मिळवतो. आणि ती गॅरंटी वाचली तर तिच्यात बहुधा वरच्या मजल्याची गळती, इमारतीच्या चिरा आणि जमिनीची ओल वगळलेली असते. मग उरले काय?

दोष ठेकेदाराला देऊन भागत नाही. दोन तास येऊन, भिंतीला हात लावून, ट्रॅप बंद करून पाणी साठवून बघणाऱ्या जाणत्या माणसाला आपण चहा देतो, फी देत नाही. ‘नुसतं बघायला कसले पैसे?’ हे वाक्य मराठी घरांत अजून ऐकू येते. डॉक्टरने न तपासता गोळ्या दिल्या तर आपण भांडतो. भिंतीच्या बाबतीत मात्र न तपासता दिलेले औषध आपण हौसेने विकत घेतो, तेही दर चौरस फुटाने.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या वेळी खोलीचे प्लास्टर काढायला निघाल तेव्हा ठेकेदाराकडून कोटेशनच्या पहिल्या ओळीत पाणी कुठून येते, ते कसे तपासले आणि ते कोण, कधी बंद करणार हे लिहून घ्या. त्या ओळीचे पैसे वेगळे द्या. ती ओळ नसलेल्या कोटेशनवर सही करू नका.